फाटक्या सीटवरचा सोफेवाला

त्याला सगळे रुबाब म्हणतात, आणि हे आपलं कौतुक आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. खरं तर हे नाव ठेवलं शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्यानं, तेही वैतागून. ह्यानं त्याची शिडी मागून नेली, महिनाभर वापरली आणि परत देताना म्हणाला, "लाकूड जरा हलकं आहे. पुढच्या वेळी मला विचारून घे." त्या दिवसापासून रुबाब.

धंदा सोफ्यांचा. बसून बसून खड्डा पडलेले, पोरांनी उड्या मारून स्प्रिंगा मोडलेले, मांजरांनी ओरबाडलेले सोफे नवे करून द्यायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शटरची जागा. दारात सोफ्यांचे सांगाडे पाय वर करून पडलेले, कोपऱ्यात फोमचे तुकडे, आणि वर पाटी. पाटीवर रुबाबचा फोटो, हाताची घडी घातलेला. सोफा कुठंच नाही. आलेलं गिऱ्हाईक आधी बिचकतं, हा माणूस विकतो तरी काय म्हणून.

कमरेच्या पट्ट्याला मोजपट्टी लटकवून तो दारात उभा राहतो. फोन कानाला लावून, पलीकडं कोणी असो नसो, "बघतो, बघतो, सध्या फार लोड आहे," असं चार दुकानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतो. कामाचं म्हणाल तर सांगाडा ठोकणं, फोम कापणं आणि वरून कापड ताणून खिळे मारणं एवढं त्याला येतं. तेही बरं येतं, उगाच कशाला नाकारा. पण सोफा बघणाऱ्याच्या डोळ्यात भरते ती शिवण. आणि रुबाबनं जन्मात एक सरळ टाका घातलेला नाही.

शिवते त्याची बायको. शटरच्या आत सगळ्यात शेवटी, भिंतीकडं तोंड करून तिचं मशीन आहे. गिऱ्हाइकाला तिची फक्त पाठ दिसते. रेक्झिन असो, मखमल असो, जाडजूड कापड असो, तिच्या हाताखालून निघालं की रेघ मारल्यासारखं निघतं. आणि ती हात राखून वापरणारी बाई. वरून दिसणारा दोरा गिऱ्हाइकाच्या पसंतीचा, पण खालच्या, उलट्या बाजूला ती आधीच्या कामातून उरलेला कुठल्याही रंगाचा दोरा भरते. तिथं कोण बघायला जातंय? कोणी शिवणीची तारीफ केली की रुबाब मोजपट्टी सावरत म्हणतो, "आपली क्वालिटीच तशी." बायको मान वर करत नाही. पायाखालचं मशीन तेवढं जरा जोरात चालतं.

तर ह्या माणसाला गाडी घ्यायची वेळ आली.

झालं असं, की बसस्टँडजवळच्या लॉजचं काम मिळालं. सगळ्या मजल्यांवरच्या खुर्च्या आणि खालच्या हॉलमधले मोठे सोफे. एवढं काम ह्या दोघांनी आजवर एकगठ्ठा बघितलं नव्हतं. लॉजचा मॅनेजर तोंडानं गोड आणि मनानं कोरडा. म्हणाला, "एका मजल्याचं न्यायचं, करून आणायचं, मगच पुढचं. नेणं-आणणं तुमचं. एकदा जरी उशीर झाला तर पुलाजवळचा सोफेवाला बसलाच आहे वाट बघत."

आणि नेणं-आणणं होतं टेंपोवाल्याच्या हातात. हा टेंपोवाला म्हणजे स्वतःच्या मर्जीचा राजा. सकाळी बोलावला की दुपारी यायचा, आणि आला की पहिलं वाक्य, "जेवून घेऊ का?" एकदा लॉजच्या क्रीम रंगाच्या खुर्च्या त्यानं सिमेंटची पोती उतरवलेल्या टेंपोत तशाच चढवल्या. मॅनेजरनं खुर्चीवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि ते बोट रुबाबच्या शर्टाला पुसलं.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "गाडी घेऊ. जुनी. नाहीतर लॉज जाईल."

"मी कधीपासून म्हणतोय!" रुबाब म्हणाला. तो कधीच म्हणाला नव्हता.

"दोन गोष्टी आहेत," ती म्हणाली. "टेंपोवाल्याला महिन्याला जेवढं भाडं जातं, हप्ता तेवढाच. त्याच्यावर एक पैसा नको. आणि हॉलमधला सगळ्यात लांब सोफा आत गेला पाहिजे, दार लावून." तिनं मशीनवरची पायपिनची दोरी उचलली. पायपिन म्हणजे सोफ्याच्या कडेला जी जाड गोट येते ना, तिच्या आत असते ती दोरी. लॉजच्या सोफ्याच्या लांबीइतकी तोडून तिनं उंचीच्या मापावर एक गाठ मारली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "गाडी दाखवतील तिथं ही आत धरून बघा."

"मला दोरी देतेस? मला?" पट्ट्यावरच्या मोजपट्टीवर थाप मारून रुबाब म्हणाला. पण दोरी घेतली आणि खिशात कोंबली. ती खिशातून आपण होऊन पुन्हा बाहेर आली नाही.

पतसंस्थेत बायकोचं खातं होतं, शेअर होते. तिची थोरली बहीण जामीन राहायला तयार होती. म्हणजे गाडीसाठी लागणारं सगळं बायकोकडं होतं. रुबाबकडं फक्त मत होतं.

पहिली गाडी दाखवली ती लाँड्रीवालीनं. दवाखान्यांच्या चादरी धुऊन पोचवणारी ही बाई, धंदा वाढला म्हणून मोठी गाडी घेत होती आणि जुनी पांढरी व्हॅन विकत होती. बायकोला हे लाँड्रीत जाणाऱ्या शेजारणीकडून कळलं. तिनं नवऱ्याला पाठवलं. स्वतः का गेली नाही? दुसऱ्या मजल्याच्या खुर्च्या मशीनवर होत्या म्हणून.

व्हॅन अंगणात उभी होती. दोन्ही बाजूंना पोचे, एक दार दोरीनं बांधलेलं, आणि चालकाची सीट फाटून आतला पिवळा फोम बाहेर आलेला.

"दादा, चालू करून दाखवते," लाँड्रीवाली हातातला ओला पिळा बाजूला ठेवत म्हणाली.

"राहू द्या," रुबाब म्हणाला. तो सीटकडं बघत होता. "ही सीट बघितलीत?"

"सीट फाटलीय, हो. दुसरा गियर टाकताना कुरकुरतो, तेही सांगते. उजवं दार बाहेरून उघडत नाही, आतून उघडावं लागतं. बाकी इंजिनाला हात लावून बघा, मी स्वतः—"

"ताई, मी सोफेवाला आहे. मला सीट बघितली की माणूस कळतो. ज्यानं सीट अशी ठेवली त्यानं इंजिन कसं ठेवलं असेल?"

"सीटवर मी बसते," लाँड्रीवाली म्हणाली. "इंजिनावर माझं पोट आहे."

रुबाबनं हे ऐकलं नाही. ऐकून घेणं हा त्याचा प्रांत नाही. त्यानं टायरला एक लाथ मारली, कारण गाडी बघायला गेलेल्या माणसानं टायरला लाथ मारायची असते एवढं त्याला माहीत होतं, आणि पाय चोळत घरी आला. "भंगार आहे," बायकोला सांगितलं. "वरून साबणाचा वास."

"दोरी धरली आत?"

"अगं, बघण्यासारखी असती तर धरली असती ना."

मग तो गेला हमरस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात. तिथं एक शेठ होता. वर रंगीत पताका, खाली प्लॅस्टिकचं गवत, गाड्या सकाळ-संध्याकाळ पुसून चकचकीत केलेल्या. शेठला माणसं ओळखता यायची. त्यानं रुबाबचा पट्टा बघितला, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा बघितला आणि बजेट न विचारता थेट निळ्या व्हॅनकडं नेलं.

"ही मी सगळ्यांना दाखवत नाही," शेठ म्हणाला. "बघायला नजर लागते."

एवढ्यावर रुबाबचा निम्मा निकाल लागला. उरलेला निम्मा शेठनं दार उघडल्यावर लागला. आत सीटा होत्या. लालभडक आणि क्रीम, तिरप्या चौकड्यांची शिवण, प्रत्येक चौकड फुगीर, कडेला दुहेरी गोट. रुबाबनं हात फिरवला. डोळे मिटून फिरवला, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"काय काम आहे," तो म्हणाला.

"कंपनीचं. ओरिजिनल," शेठ म्हणाला.

"ते तर दिसतंच आहे. आपण ह्याच लाइनीतले आहोत, शेठ. इथं लोकल माणसाचा हात नाही. अशी शिवण मशीनवर नाही, यंत्रावर होते."

मशीन आणि यंत्र ह्यात त्याला काय फरक वाटला ते त्यालाच ठाऊक. शेठनं मात्र मान डोलावली, आणि मागं वळून एका पोरगेल्या फायनान्सवाल्याला बोटानं बोलावलं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी चक्रावणार नाही. रुबाबच्या दुकानात अधूनमधून एक मापवाला यायचा. गाड्यांच्या सीटांची जुनी कव्हरं तो नमुना म्हणून आणून टाकायचा आणि नवी शिवून न्यायचा. कुणासाठी, ते सांगायचा नाही. ही कामं बायको घ्यायची. रुबाबच्या लेखी ते फुटकळ काम होतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी तिनं असाच एक जोड शिवला होता. लाल आणि क्रीम, तिरप्या चौकड्या. गठ्ठा रुबाबनं स्वतः बांधला होता, वरून गाठ मारली होती, पैसे मोजून खिशात घातले होते आणि बायकोला म्हणाला होता, "असल्या चिल्लर कामात डोळे फोडत बसू नकोस."

बायको शिवत होती ती त्याच्या डोळ्यांसमोर. पण त्यानं बघितलं असेल तेव्हाच ओळखणार ना. बैलाला मागच्या गाडीत काय लादलंय ते जितकं ठाऊक असतं, तितकं ह्याला बायकोच्या मशीनवर काय आहे ते ठाऊक. बैलाला निदान वजन तरी कळतं.

घरी आल्यावर तो हवेत होता. जेवताना सीटांचं वर्णन, हात धुताना सीटांचं वर्णन. "तुला म्हणून सांगतो, राग मानू नकोस. तुझं काम चांगलंच आहे, आपल्या मानानं. पण ते काम बघितलंस तर तू मशीनला हात लावायची नाहीस. असलं काम तुझ्या हातून ह्या जन्मी व्हायचं नाही."

"मागं जागा किती आहे?" बायकोनं विचारलं.

"भरपूर."

"दोरी?"

"तू त्या दोरीचं काय लावलंयस?"

"हप्ता?"

"हप्ता टेंपोच्या भाड्यापेक्षा किंचित वर. किंचित. पण लगेच, जागच्या जागी कर्ज. ना पतसंस्थेच्या पायऱ्या, ना तुझ्या बहिणीची मिनतवारी. फक्त तुझी सही लागेल, सहकर्जदार म्हणून. मी इसार देऊन आलोय."

बायकोचा हात ताटावरच थांबला. "इसार कशातून दिला?"

रुबाबनं पाण्याचा घोट घेतला. लॉजच्या तिसऱ्या मजल्यासाठी फोम आणायला तिनं जे पैसे काढून दिले होते, त्यातून दिला होता. फोम आला नव्हता. फोम नाही म्हणजे तिसरा मजला नाही, आणि तिसऱ्या मजल्याला उशीर म्हणजे पुलाजवळचा सोफेवाला.

ती उठली. ताट उचललं, धुतलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड झाकलं आणि नवऱ्याबरोबर निघाली. रुबाबला वाटलं, मान्य झालं. अशा माणसांना गप्प बसणं आणि मान्य होणं एकच वाटतं.

शेठनं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. फायनान्सवाला कागद पसरून बसला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचा फोटो, म्हणजे रुबाबचीच लहान आवृत्ती.

"मॅडम, इथं, इथं आणि इथं," तो बोट फिरवत म्हणाला.

"आधी हप्ता सांगा."

त्यानं सांगितला. किंचित कसला, टेंपोचं भाडं जाऊन वर एका खोलीचं भाडं निघालं असतं इतका होता. बायकोनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा पताका बघत होता.

"आणि आम्ही फेडत जाऊ तसं व्याज कमी होत जाणार?"

"नाही मॅडम. ते फ्लॅट असतं. शेवटपर्यंत एकसारखं. लक्षात ठेवायला सोपं."

"म्हणजे जे पैसे तुम्हाला परत दिले, त्यांच्यावरही आम्ही व्याज द्यायचं?"

फायनान्सवाला जरा हसला. "तसं नसतं मॅडम. म्हणजे तसंच असतं, पण तसं म्हणत नाहीत."

"अगं, सही कर आणि मोकळी हो," रुबाब म्हणाला. "आधी गाडी तर बघ. सीट बघितलीस की हप्ता विसरशील."

"हो, वहिनी, बसून तर बघा," शेठ म्हणाला आणि त्यानं निळ्या व्हॅनचं दार उघडून धरलं.

ती बसली. आधी नुसती बसली. मग तिचा अंगठा आपोआप कडेवरून पुढं गेला, कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं थांबला. डाव्या कोपऱ्यात चौकड पुरती नव्हती. क्रीम रेक्झिन कमी पडलं म्हणून तिथं बेताचा जोड दिलेला होता, असा की शिवणाऱ्याशिवाय कोणाला दिसू नये. तिनं अंगठा तिथंच ठेवला.

"काय? बोलती बंद झाली ना?" रुबाब दाराशी वाकून म्हणाला. "शेठ, आमच्या मंडळींना पण थोडंफार शिवता येतं बरं का. म्हणून कळतंय तिला."

"शिवण कुणाची आहे ही?" बायकोनं विचारलं.

"कंपनीची, वहिनी. ओरिजिनल."

तिनं सीटच्या खाली हात घातला, कव्हराची कड ओढली आणि उलटी करून वर धरली. आतून दोरा पोपटी होता.

"कंपनी लाल कव्हराला पोपटी दोरा वापरते?"

शेठ दोऱ्याकडं बघत राहिला. रुबाबही बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

"दातांच्या डॉक्टरची खुर्ची केली होती, पोपटी," बायको म्हणाली. "त्यातला उरलेला दोरा."

"कुठल्या डॉक्टरची?" रुबाब म्हणाला.

इतकं सांगूनही त्याला कळलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. मशीनच्या सुईत दोरा ओवताना बघतात तसं, डोळे बारीक करून.

"गठ्ठा तुम्हीच बांधलात," ती म्हणाली. "पैसेही तुम्हीच घेतलेत. म्हणालात, चिल्लर कामात डोळे फोडू नकोस."

आता कळलं. कळलं ते दिसलं, कारण डोक्यावरचा काळा चष्मा त्यानं हळूच डोळ्यांवर ओढला. फायनान्सवाल्यानं कागद स्वतःकडं सरकवले. शेठ मात्र पक्का. क्षणभरच थबकला, मग टाळी वाजवून म्हणाला, "म्हणजे आमच्या सीटा तुम्हीच केल्यात? वा, वहिनी, वा! मग ही तर तुमची घरचीच गाडी!"

"घरची आहे म्हणूनच माहीत आहे," ती उतरत म्हणाली. "नमुन्याची जुनी कव्हरं मी उसवली तेव्हा शिवणीतून गाळ पडत होता. बारीक, पिवळा. दोन वेळा झाडून काढला टेबलावरून. सीटच्या तारा गंजून कव्हराला डाग धरला होता. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे."

"पाणी कुठल्या गाडीला लागत नाही, वहिनी?" शेठ म्हणाला. "धुताना लागतंच की."

ती वळली. नवऱ्यापाशी गेली, त्याच्या खिशात हात घातला आणि दोरी काढली. कोंबली तशीच होती. मागचं दार उघडून तिनं दोरी आत धरली. मागं गाण्यांचे दोन मोठे खोके बसवलेले होते, नाचाच्या हॉलमध्ये असतात तसले. दोरीचं टोक गाडीच्या बाहेर हातभर लोंबत राहिलं.

"सोफा बाहेर आणि गाणी आत," ती म्हणाली.

शेठचा नोकर फस्सकन हसला आणि शेठनं बघताच प्लॅस्टिकच्या गवताला पाणी घालायला लागला. हो, प्लॅस्टिकच्याच.

इसार परत मागितला. शेठनं गोड आवाजात सांगितलं, इसार परत होत नसतो, पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. रुबाबनं पावती वाचली नव्हती. त्याला बारीक अक्षरं आवडत नाहीत.

परत येताना तो पुढं चालत होता. बाजाराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याचा घसा मोकळा झाला. "मला पहिल्या दिवशीच संशय आला होता," तो म्हणाला. "म्हटलं, तुला ओळखू येतं का बघू."

बायको चालत राहिली.

"आणि तुला गाळ दिसला होता तर तेव्हा का नाही बोललीस मापवाल्याला? तू असं झक्क शिवून देतेस, म्हणून तर ह्यांच्या बुडालेल्या गाड्या खपतात. माझ्यासारखी माणसं फसतात ती तुझ्यामुळं!"

आता हे बोलणारं तोंड कितीही फुकट असलं, तरी बोलणं फुकट नव्हतं. तीही जरा थांबली. "मी शिवते," ती म्हणाली. "विकत नाही." आणि हेही काही फार उजळ उत्तर नव्हतं. हे तिलाही कळलं असावं, कारण पुढं घरापर्यंत तिनं मान खाली ठेवली.

पण ती मान खाली घालून बसणारी बाई नव्हे. घरी न थांबता ती लाँड्रीवालीकडं गेली. पांढरी व्हॅन अजून तिथंच होती, कारण रुबाबसारखेच आणखी चार शहाणे सीट बघून परत गेले होते. लाँड्रीवालीनं इंजिन चालू केलं, ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून खालून-वरून दाखवलं, कुरकुरणारा गियर कुरकुरवून दाखवला. बायकोनं दोरी आत धरली. दोरी बसली, गाठीपर्यंत बसली, आणि दार लागलं.

"भावाचं बोला, ताई."

"भावात काय बोलायचं," लाँड्रीवाली म्हणाली. "तुमचे मालक सीट बघून गेले. सीटचे पैसे कमी करते."

पतसंस्थेनं कर्ज दिलं, फेडाल तसं व्याज उतरत जाणारं. हप्ता टेंपोच्या भाड्याच्या आत बसला. गाडी बायकोच्या नावावर, जामीन तिची बहीण. तिसऱ्या मजल्याच्या फोमला बहिणीनंच हात दिला आणि वर जे काही सुनावायचं ते भाऊजींना सुनावलं. मजला वेळेवर गेला. मॅनेजरनं खुर्चीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि खिशात घातलं. लॉज राहिलं.

इसाराचं असं झालं, की मापवाल्याचे सीट कव्हरांचे दोन जोड त्याच सुमाराला शिवून तयार होते. तो न्यायला आला तेव्हा बायकोनं गठ्ठा मशीनखाली पायानं आत सारला. "शेठला सांग, वहिनींनी आठवण काढलीय. इसार घेऊन ये, गठ्ठा घेऊन जा." मापवाला आधी हसला, मग चिडला, मग गेला आणि इसार घेऊन आला. त्यानंतर तो कधी आला नाही. शेठनं दुसरा शिवणारा गाठला. हमरस्त्यावर पताका अजून फडफडतायत, सीटा अजून चमकतायत, आणि आतून दोरा आता कोणत्या रंगाचा असतो ते कोणी उलटून बघत नाही.

पहिला आठवडा रुबाब पांढऱ्या व्हॅनमध्ये बसला नाही. सामान भरायचा, गाडी बायको न्यायची आणि हा लॉजपर्यंत चालत जायचा. मग पाय दुखायला लागले तसा बसायला लागला. मग चालवायला लागला. मग दोन्ही दारांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, पोच्यांवरून, त्यामुळं नाव लाटेवर तरंगल्यासारखं वाकडं दिसतं. आता विचारणाऱ्याला सांगतो, "जुनी गाडी घ्यायची तर सीट बघायची नाही. इंजिन बघायचं. लोक इथंच फसतात."

एक दिवस मात्र तो मशीनपाशी गेला. सीटचा फोम निघून त्याच्या पँटीला चिकटत होता. जरा वेळ उभा राहिला, फोन कानाला लावला, काढला.

"अगं ऐक ना," तो म्हणाला. "आपल्या गाडीच्या सीटला पण शिवून टाक ना. तेच. लाल-क्रीम. चौकड्यांचं."

बायकोनं मशीन थांबवलं नाही. "कंपनीकडून करून घ्या," ती म्हणाली.

त्याला वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल. राग नव्हताच, म्हणून उतरलाही नाही. दारात पडलेल्या प्रत्येक सोफ्याला कव्हर शिवून होतं, किल्ल्या बनवणाऱ्याच्या स्टुलाला झालं, टेंपोवाल्याच्या सीटलासुद्धा पैसे घेऊन झालं. ह्याच्या सीटला नाही. एकदा ती बहिणीकडं गेलेली असताना तो स्वतः मशीनवर बसला. सुई मोडली आणि अंगठ्याचं नख काळं झालं. मग त्यानं खोक्यांना लावतात ती तपकिरी चिकटपट्टी सीटवर आडवी-उभी मारली. उन्हात ती सुटते आणि उठताना पँटीबरोबर येते.

परवा लॉजच्या हॉलमध्ये तो मॅनेजरसमोर उभा होता, हाताची घडी घालून, पाटीवर असते तशी. "शिवणीचं म्हणाल तर," तो सांगत होता, "आपल्यासारखं काम ह्या भागात—" मॅनेजर ऐकत होता, पण बघत होता मागच्या आरशात. तिथं रुबाबच्या बुडाला वीतभर चिकटपट्टी लोंबत होती आणि तिला पिवळ्या फोमचा हा एवढा गोळा.